दूध काढण्याचे यंत्र आणि स्तनाग्राची जखम : एका दुर्लक्षित वेदनेचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुतांशी साथीच्या रोगांचा, औषधांच्या शोधांचा आणि नामवंत वैद्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्या दुखण्याने सहसा मृत्यू ओढवत नाही, जे घराच्या आतल्या खोलीत सोसले जाते आणि ज्याविषयी चारचौघांत बोलण्याचा संकोच असतो, अशा दुखण्याला या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. बाळंतिणीच्या स्तनाग्राला पडणाऱ्या भेगा, त्यातून येणारे रक्त आणि दूध काढताना होणारी असह्य वेदना हे अशा दुखण्यांपैकी एक होय. विसाव्या शतकात पंपाने दूध काढण्याची पद्धत रुग्णालयात आणि नंतर घरोघरी रूढ होऊ लागली, तेव्हा या जुन्या दुखण्यात यंत्रामुळे होणाऱ्या जखमेची भर पडली.

प्रस्तुत निबंधात या जखमेच्या अनुषंगाने स्तन्यपंपाच्या विकासाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. जखमेचा दोष दीर्घकाळ स्त्रीच्या शरीराकडे, तिच्या नाजूक त्वचेकडे अथवा तिच्या सोशिकपणाच्या अभावाकडे दिला गेला. प्रत्यक्षात ती मोठ्या प्रमाणात यंत्राच्या दाबाची, गतीची आणि मापाची बाब होती. ज्या ज्या वेळी संशोधकांनी आईच्या वेदनेला पुरावा मानले, त्या त्या वेळी यंत्र सुधारले, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

यंत्रापूर्वीचे उपाय

स्तनरोगांची दखल प्राचीन भारतीय वैद्यकाने घेतलेली दिसते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील दहाव्या अध्यायात विसर्प आणि नाडीव्रण यांच्याबरोबरीने स्तनरोगाचा विचार आला आहे, तर काश्यपसंहितेत ‘स्तनकीलक’ या विकाराचे विवेचन आढळते. दुधाची गुठळी, सूज, ठणका आणि पू होणे ही अवस्था वैद्यांना परिचित होती. परंतु ग्रंथकर्त्यांचे मुख्य लक्ष दूध शुद्ध आहे की दूषित, आणि धात्री योग्य आहे की अयोग्य, या प्रश्नांकडे असे.

युरोपात सोळाव्या शतकापासून दूध ओढून घेण्याच्या काचपात्रांचे उल्लेख वैद्यकग्रंथांतून मिळू लागतात. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआज पारे (१५१०-१५९०) यांनी असे एक पात्र वर्णिले आहे. त्याचे रुंद तोंड स्तनावर बसवून लांब नळीचे दुसरे टोक स्त्रीने स्वतःच्या तोंडात धरायचे आणि स्वतःच दूध ओढायचे. याखेरीज गरम पाण्याने तापवलेली बाटली रिकामी करून तिचे तोंड स्तनावर टेकवण्याची पद्धतही प्रचलित होती. बाटली निवू लागली की आतील हवा आकुंचन पावते, दाब कमी होतो आणि दूध बाहेर येते. आपल्याकडील तुंबडी लावण्याच्या क्रियेमागेही हेच तत्त्व आहे. पहिल्या पद्धतीत ओढ किती असावी हे स्त्रीच्या हाती होते आणि दुखू लागताच ती थांबू शकत होती. दुसऱ्या पद्धतीत मात्र तो ताबा अंशतः वस्तूकडे गेला.

दूध ओढून घेण्यासाठी कुत्र्याच्या पिल्लांचा उपयोग केला जात असे, याचाही विश्वसनीय पुरावा उपलब्ध आहे. स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या मेरी वुलस्टनक्राफ्ट यांना ३० ऑगस्ट १७९७ रोजी कन्या झाली. प्रसूतीनंतर त्यांना जंतुसंसर्ग झाल्यावर वैद्यांनी बाळाला अंगावर पाजण्यास मनाई केली आणि दूध उतरवण्यासाठी पिल्ले आणवण्यात आली. त्यांचे पती विल्यम गॉडविन यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही नोंद केली आहे. १० सप्टेंबर १७९७ रोजी वुलस्टनक्राफ्ट यांचे निधन झाले. त्यांची ती कन्या पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीची लेखिका मेरी शेली म्हणून ख्यातनाम झाली. तुंबलेले दूध काढणे ही त्या काळी किती निकडीची गोष्ट मानली जात होती, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

भेगा पडलेल्या स्तनाग्राच्या संरक्षणासाठी लाकूड, शिंग, हस्तिदंत, चांदी, मेण आणि शिसे अशा विविध पदार्थांच्या टोप्या वापरल्या जात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वॉन्सब्रो यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या शिशाच्या टोप्या लोकप्रिय होत्या. दोन पाजण्यांच्या दरम्यान त्या स्तनाग्रावर ठेवायच्या आणि त्यायोगे भेगा बऱ्या व्हायच्या, अशी त्यामागील कल्पना होती. दुधाच्या संपर्कात शिशाचे क्षार तयार होतात आणि ते बाळाच्या पोटात जाऊ शकतात, हा धोका त्यात दडलेला होता. आईच्या जखमेवरचा उपाय बाळाच्या जिवावर बेतावा, अशी ही स्थिती होती.

पेटंटांचे युग

औद्योगिक क्रांतीनंतर रबर, धातूच्या नळ्या आणि झडपा सहज उपलब्ध होऊ लागल्या, तेव्हा दूध काढण्याच्या पात्राचे यंत्रात रूपांतर होणे स्वाभाविक होते. २० जून १८५४ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ओ. एच. नीडहॅम यांना ११,१३५ या क्रमांकाचे पेटंट दिले. स्तन्यपंपाच्या इतिहासात हा टप्पा महत्त्वाचा मानला जातो. त्यानंतरच्या अर्धशतकात हाताने चालणाऱ्या पंपांचे अनेक नमुने पुढे आले. रबरी फुग्याला जोडलेले काचेचे नरसाळे हा त्यांतील सर्वाधिक परिचित नमुना होय आणि तो विसाव्या शतकातही दीर्घकाळ वापरात होता.

या यंत्रांमागील समजूत साधी होती. स्तन हे दुधाने भरलेले भांडे आहे आणि पुरेशी ओढ लावली की दूध बाहेर येईल, असे गृहीत धरले गेले. दूध आले नाही तर ओढ वाढवायची, हा त्यातून निघणारा तर्क होता. फुगा दाबून सोडला की किती दाब निर्माण होईल, याचे मोजमाप वापरणाऱ्या स्त्रीला उपलब्ध नव्हते. पेटंट हा दस्तऐवज मुळातच यंत्राचे भाग आणि त्यांची रचना यांचे वर्णन करतो. वापरणाऱ्या व्यक्तीला काय वाटते, याची नोंद करण्याचे ते साधन नाही. त्यामुळे या कालखंडातील कागदपत्रांत यंत्राचा आवाज भरपूर ऐकू येतो, बाळंतिणीचा मात्र क्वचितच.

विजेचा पंप

विसाव्या शतकाच्या आरंभी अपुऱ्या दिवसांच्या बालकांची काळजी ही बालरोगशास्त्राची स्वतंत्र शाखा म्हणून आकाराला येत होती. अशा बालकांना चोखण्याची ताकद नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी दूध काढून देणे अपरिहार्य ठरते. १९०९ साली व्हिएन्ना येथे मानवी दुधाची पहिली पेढी सुरू झाली. रुग्णालयांना मोठ्या प्रमाणावर आईचे दूध हवे होते आणि दूध देणाऱ्या दायांवर त्यांची भिस्त होती.

या पार्श्वभूमीवर १९२१ ते १९२३ या काळात एडवर्ड लास्कर यांनी यांत्रिक पंप तयार केला. लास्कर हे व्यवसायाने अभियंता आणि बुद्धिबळाचे नामांकित खेळाडू होते. बाळाच्या चोखण्याचे अनुकरण करण्याचा या यंत्राचा प्रयत्न होता आणि हातपंपापेक्षा ते अधिक कार्यक्षम असल्याचा अभिप्राय डॉक्टरांनी दिला. शिकागो येथील बालरोगतज्ज्ञ आयझॅक अॅब्ट यांचे नाव विजेच्या पंपाशी जोडले गेले आणि ‘अॅब्ट पंप’ या नावाने असे यंत्र रुग्णालयांत परिचित झाले. या यंत्रांमुळे अनेक अशक्त बालकांना दूध मिळू शकले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि यशाचे माप येथे एकच होते, ते म्हणजे किती दूध निघाले. दूध काढून घेतली जाणारी स्त्री या हिशेबात जवळजवळ अदृश्य राहिली. यंत्राला थकवा नव्हता आणि बाळाप्रमाणे मध्येच थांबून श्वास घेण्याची, गिळण्याची गरजही नव्हती. त्वचेवर सतत ओढ राहिली की बारीक केशवाहिन्यांत रक्त साठते, स्तनाग्र सुजते, त्वचेखाली रक्ताचे ठिपके उमटतात आणि अखेर भेग पडते.

स्टॉकहोममधील वळण

या इतिहासाला निर्णायक वळण मिळाले ते स्वीडनमध्ये. एका प्रसूतिगृहातील परिचारिका माया किंडबर्ग यांच्या प्रेरणेने अभियंता आयनर एग्नेल यांनी १९४० च्या दशकात पंपाच्या प्रश्नावर काम सुरू केले. प्रसूतिगृहातील बाळंतिणींच्या जखमा परिचारिकेच्या रोजच्या पाहण्यातील होत्या. अभियंत्याला ज्ञात नसलेला पुरावा तिच्याकडे होता. दूध काढण्याच्या निरनिराळ्या पद्धतींत स्तनामध्ये यांत्रिक दृष्ट्या काय घडते, यासंबंधीचा आपला अभ्यास एग्नेल यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला.

एग्नेल यांनी दोन गोष्टींवर भर दिला. पहिली म्हणजे ऋण दाबाची कमाल मर्यादा. ती त्यांनी पाऱ्याच्या सुमारे २०० मिलिमीटर इतकी ठरवली. वातावरणाचा सामान्य दाब ७६० मिलिमीटर असतो हे लक्षात घेतल्यास ही मर्यादा त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी भरते. दुसरी म्हणजे लय. ओढ लागावी, ती सुटावी आणि पुढील ओढीपूर्वी ऊतींना विश्रांती मिळावी, जेणेकरून अडलेले रक्त पुन्हा वाहू लागेल, अशी यंत्राची रचना करण्यात आली. हा पंप ‘एस. एम. बी.’ या नावाने ओळखला गेला आणि या अक्षरांत सिस्टर माया हे नाव गुंफलेले आहे. वेदनेची साक्षीदार असलेल्या परिचारिकेचे नाव यंत्राला मिळणे ही तंत्रज्ञानाच्या इतिहासातील विरळा घटना म्हणावी लागेल. हे पंप पुढे कित्येक दशके रुग्णालयांतून वापरले गेले.

पान्ह्याचे शास्त्र

मराठीत ‘पान्हा फुटणे’ हा शब्दप्रयोग शरीरक्रियेचे जितके नेमके वर्णन करतो, तितके ‘दूध काढणे’ हा शब्दप्रयोग करत नाही. बाळाच्या स्पर्शाने, त्याच्या रडण्याने अथवा केवळ आठवणीनेही मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, दुग्धग्रंथींभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध नलिकांत ढकलले जाते. दूध प्रथम आतून ढकलले जाते आणि मग बाहेरून ओढले जाते, असा हा क्रम आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेतील नाइल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन या दांपत्याने या क्रियेवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. नाइल्स न्यूटन यांनी स्वतःवरच हा प्रयोग करवून घेतला होता. बर्फाच्या पाण्यात पाय बुडवणे, वेदना देणे, गणिते सोडवावयास लावणे अशा उपायांनी चित्त विचलित केले असता बाळाला मिळणाऱ्या दुधाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. ऑक्सिटोसिन टोचल्यावर ते पुन्हा वाढले. याचा अर्थ असा की वेदना हा दूध काढण्याच्या क्रियेतील एक दुय्यम गैरसोयीचा भाग नसून ती त्या क्रियेलाच अडवणारी गोष्ट आहे. दुखणाऱ्या स्तनावर अधिक जोराची ओढ लावली, तर पान्हा आखडतो, दूध कमी येते, म्हणून ओढ आणखी वाढवली जाते आणि जखम चिघळते. नाइल्स न्यूटन यांनी १९५२ मध्ये स्तनाग्राच्या वेदनेवर स्वतंत्र लेखन करून साबणाने वारंवार धुण्याच्या तत्कालीन रिवाजाने होणारी हानीही दाखवून दिली. स्वच्छतेच्या नावाखाली त्वचेचे नैसर्गिक तेल धुऊन काढले जात होते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील पीटर हार्टमन, डोना गेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने दूध पिणाऱ्या बाळाच्या मुखातील हालचाली आणि स्तनातील नलिका यांचा अभ्यास केला. स्तनाग्र बाळाच्या तोंडात बरेच खोलवर, मऊ टाळूच्या दिशेने जाते आणि जीभ खाली येताना ओढ वाढते, वर जाताना ती कमी होते, असे त्यांत आढळले. आरंभी बाळ भराभर चोखते आणि पान्हा आल्यावर संथ लयीत पिते. या निरीक्षणावर दोन टप्प्यांत चालणारे पंप आधारलेले आहेत. सर्वाधिक ओढ म्हणजे सर्वाधिक दूध, या समजुतीलाही शास्त्रीय उत्तर मिळाले. स्त्रीला सुसह्य वाटणाऱ्या मर्यादेतील ओढ हीच सर्वांत उपयुक्त ठरते. थोडक्यात, ‘दुखते आहे’ हे बाळंतिणीचे विधान हेच मोजमापाचे साधन मानले जाऊ लागले.

नरसाळ्याच्या मापाचा प्रश्नही याच विचारातून पुढे आला. बाळाचे तोंड मऊ असून स्तनाच्या आकाराशी जुळवून घेते. पंपाचे प्लॅस्टिक तसे करत नाही. नळी अरुंद असेल तर स्तनाग्र तिच्या भिंतीवर घासते, आणि फार रुंद असेल तर भोवतालची काळसर त्वचाही आत ओढली जाऊन सुजते. एकाच मापाचे नरसाळे सर्वांना पुरते, हे गृहीतक अनेक जखमांच्या मुळाशी होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानेही मालिश, ऊब, निवांतपणा आणि हाताने दूध काढणे हे कमी खर्चाचे उपाय काही बाबतींत मोठ्या विजेच्या पंपाइतके किंवा त्याहून परिणामकारक ठरू शकतात, असे नमूद केले आहे.

दुधात रक्त दिसणे हा आईला सर्वाधिक भयभीत करणारा प्रकार होय. भेगेतून आलेल्या किंचित रक्ताने दूध गुलाबी दिसले तरी ते सामान्यतः बाळाला अपायकारक नसते, अशी आजच्या वैद्यकाची भूमिका आहे. आईला हेपॅटायटिस सी सारखा रक्तातून पसरणारा आजार असल्यास मात्र जखम भरेपर्यंत ते दूध न देण्याचा सल्ला दिला जातो. तसेच रक्त येणे काही दिवसांत थांबले नाही, अथवा ताप व लाल सूज आली, तर तपासणी आवश्यक ठरते. हे ज्ञान उपलब्ध नसल्याने किती स्त्रियांनी पाजणे अकाली थांबवले असेल, याची गणती इतिहासात नाही.

रुग्णालयातून कचेरीत

१९६१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या मेडेला या कंपनीने १९९१ साली घरगुती वापराचा विजेवर चालणारा पंप बाजारात आणला. रुग्णालयाच्या भिंतींतील यंत्र त्यामुळे नोकरदार स्त्रीच्या पिशवीत आले. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी केवळ १२ आठवड्यांची बिनपगारी रजा दिली आणि तीही सर्व स्त्रियांना लागू नव्हती. परिणामी काही आठवड्यांच्या बाळाला घरी ठेवून कामावर परतणाऱ्या स्त्रीला पंप हा एकमेव दुवा उरला. २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याने मालकांना दूध काढण्यासाठी वेळ आणि स्वच्छतागृहाव्यतिरिक्त खासगी जागा देण्याचे बंधन घातले, तर २०२२ च्या कायद्याने हे संरक्षण अधिक स्त्रियांपर्यंत नेले. इतिहासकार जिल लेपोर यांनी २००९ मध्येच असा प्रश्न उपस्थित केला होता की, पंप हा रजेचा पर्याय म्हणून तर पुढे केला जात नाही ना?

जखमेच्या संदर्भात हा प्रश्न कळीचा आहे. सुट्टीच्या १५ मिनिटांत दूध काढावयाचे असेल तर यंत्राची चकती सर्वोच्च क्रमांकावर फिरवण्याचा मोह होतो. पान्ह्याला लागणारा निवांतपणा घड्याळाने हिरावून घेतला जातो. यंत्र सुधारले तरी वेळेची टंचाई जुनीच जखम पुन्हा करते.

महाराष्ट्राचा संदर्भ

काम आणि दूध यांच्या या संघर्षाला मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या इतिहासात जुनी मुळे आहेत. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स यांनी केलेल्या चौकशीत, आई कामावर असताना अर्भकांना अफू देऊन निजवले जाते, ही वस्तुस्थिती समोर आली. १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक मांडले. ते संमत होऊ शकले नाही. मात्र १९२९ साली मुंबई प्रांताने या विषयावरील कायदा केला आणि तो देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा ठरला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. हे लाभ प्रामुख्याने संघटित क्षेत्रापुरते राहिले, हे मात्र विसरता येत नाही.

दुसरा धागा दुधाच्या पेढीचा आहे. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात मानवी दुधाची पेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली पेढी मानली जाते. दात्या मातांची तपासणी करून घेतलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानाला ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक केले जाते आणि ते अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिले जाते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतील अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दूध साठवण्याबरोबर आईला पाजण्यासाठी साहाय्य करणे हाही घटक अंतर्भूत आहे. दूध हे स्त्रीच्या देहापासून वेगळे काढता येणारे द्रव्य आहे, या दृष्टीऐवजी देणारी आणि घेणारे दोघेही रुग्णालयाच्या काळजीचे विषय आहेत, ही दृष्टी त्यातून व्यक्त होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, स्तन्यपंपाचा इतिहास हा केवळ अधिकाधिक ओढीकडे जाणारा सरळ प्रवास नाही. त्यातील खरी प्रगती ओढीला मर्यादा घालण्यातून झाली. दोन, ही मर्यादा शोधण्याचे श्रेय अभियंत्यांबरोबरच परिचारिकेच्या निरीक्षणाला आणि स्वतःच्या देहावर प्रयोग करणाऱ्या मातेलाही द्यावे लागते. तीन, वेदना ही मातृत्वाची अटळ किंमत आहे, ही धारणा शास्त्राने खोडून काढली असली तरी समाजव्यवहारात ती अद्याप टिकून आहे. ‘पहिल्यापहिल्यांदा दुखतेच’ या सांत्वनात सोसण्याची सूचना असते, नरसाळे बदलून पाहण्याची किंवा चकती खाली फिरवण्याची नसते.

महाविद्यालये, कार्यालये आणि रुग्णालये यांच्या दृष्टीने या इतिहासाचे तात्पर्य व्यावहारिक आहे. दाराला कडी असलेली एक खोली, वेळापत्रकात अर्धा तास आणि ‘दुखते’ म्हणणाऱ्या स्त्रीवर विश्वास, या तीन गोष्टींना कोणत्याही पेटंटाची आवश्यकता नाही. यंत्राने दाबाची मर्यादा शिकायला १८५४ ते १९५६ असा शंभर वर्षांहून अधिक काळ घेतला. ज्या व्यवस्थेत ते यंत्र वापरले जाते, तिने तोच धडा शिकण्यास तितकाच अवधी घेऊ नये.